काना की मात्रा

रविवार, होळीचा दिवस. स्थळ धुळे, वेळ सकाळचे साडेनऊ.

हजर: झिराडकर सर. त्यांचा भाचा रूबेन. भुसावळचे दोघे भाऊ, रेल्वेतून निवृत्त. नाशिकचे एक गृहस्थ आणि त्यांचे दोन मोठे मुलगे. ठाण्याहून आलेले तिघे. एकूण दहा पुरुष. स्वयंपाकघराच्या दाराशी रूबेनची बायको फ्लोरा, आणि तिच्या शेजारी स्टुलावर मी.

हजेरी घ्यायची सवय मला शाळेमुळे लागली आहे, पण त्या दिवशी तिची खरोखर गरज होती. ही सगळी ज्यू मंडळी, बेने इस्राएल. त्यांच्या नियमाप्रमाणे दहा पुरुष जमल्याशिवाय पेटीतली तोराची, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाची, पोथी काढून वाचता येत नाही. खानदेशात दहा जमणं आता कठीण, म्हणून सरांनी तीन महिने फोन केले होते. आणि हे धुळ्यातलं शेवटचं वाचन होतं. रूबेनची ठाण्याला बदली झाली होती, घर रिकामं होणार होतं आणि सरांच्या आजोबांनी कोकणातून आणलेली ती पोथी ठाण्याच्या प्रार्थनाघरात जाणार होती. ठाण्याचे तिघे तिला न्यायलाच आले होते.

सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वाचणार तेच. नऊ ओळी. एकही चूक न होता त्या वाचायच्या, एवढंच त्यांना हवं होतं. आणि ते होईल की नाही, ही शंका त्या खोलीत दोघांनाच होती, त्यांना आणि मला.

---

मी जळगावच्या आमच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा झिराडकर सर मराठी आणि इतिहास शिकवत. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात नेहमी दोन खडू, एक पांढरा आणि एक पिवळा. जन्म धुळ्याचा, वडील पोलिसात. त्यामुळे बोलणं ऐकून कुणाला वाटू नये की हा माणूस इथला नाही. शिपाई नानांशी ते अहिराणीतच बोलत.

सकाळी शाळा भरायच्या आधी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसून सर काहीतरी चालीवर म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नानांनी झाडू थांबवून विचारलं, "सर, हाई काय शे? मंतर शे का गानं शे?"

"बठ्ठं शे, नाना. मंतर बी शे, गानं बी शे."

"मंग रोज रोज काबरं? एकदाव पाठ व्हयनं का व्हयनं."

"पाठ शे म्हनीसनच रोज, नाना. पाठ व्हयेल मानूसच चुकस."

शनिवारची अर्धी शाळा ते कधी आले नाहीत. तो त्यांचा विसाव्याचा दिवस. त्याची भरपाई म्हणून रविवारी दहावीचे जादा तास घेत, आणि कुणी छेडलं तर सांगत, "आमचे पूर्वज कोकणात तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे. मी खडू बंद ठेवतो." भूगोलाचे पाटील सर त्यांना मुद्दाम शनवारतेली म्हणत, आणि सर मुद्दाम हाकेला ओ देत.

त्यांची तयारीची पद्धत शाळेत चेष्टेचा विषय होती. धडा चार वेळा करायचा. पहिल्यांदा नुसता पाहायचा. दुसऱ्यांदा मोजायचा, म्हणजे त्यात गोष्टी किती, नवे शब्द किती, तासात मावतील किती. तिसऱ्यांदा मांडायचा. चौथ्यांदा तपासायचा. पाचव्यांदा तोंड उघडायचं. हे त्यांचं स्वतःचं नव्हतं. फार जुने एक गुरू होते, सर सांगत, भर सभेत त्यांना पोथी वाचायला बोलावलं तर ते उठलेच नाहीत. शिष्य ओशाळले. गुरू म्हणाले, मी आज दोन-तीनदा वाचून आलेलो नाही. देवानेसुद्धा माणसाला सांगण्याआधी स्वतःशी पाहिलं, मोजलं, मांडलं, तपासलं, तर मी कोण?

पाटील सरांनी या पद्धतीचं नाव ठेवलं होतं चौपट. आमच्याकडे हिंदीचा वारा बराच, आणि हिंदीत चौपट म्हणजे सत्यानाश, त्यामुळे या शब्दातली खोच सगळ्यांना कळायची. "काय झिराडकर, झालं का चौपट?"

"झालं. तुमचं?"

"आपलं एकपट. पोरांना कुठं काय कळतंय?"

सर यावर हसत नसत. "तेच तर. कळत असतं तर त्यांनी माझी चूक पकडली असती, मग मी एकपट करून आलो असतो. समोर चूक पकडणारा कुणी नसेल तिथे तयारी दुप्पट लागते, पाटील. वर्गात पन्नास जण बसलेत, आणि मी काना चुकवला तर पन्नास जण तो वहीत उतरवून घेणार."

---

हे नुसतं बोलणं नव्हतं, हे मी माझ्या दुसऱ्याच वर्षी पाहिलं.

शिक्षण खात्याची तपासणी होती. साहेब मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेत होते आणि नववीच्या तासाचे शिक्षक आलेच नव्हते. मुख्याध्यापक धावत शिक्षकखोलीत आले. "झिराडकर, तुम्ही मोकळे आहात. नववीवर जा. इतिहासातलं काहीही घ्या. वीस वर्षं शिकवताय."

"नववीला आज मी तयार नाही. आठवीवर माझा तिसरा तास आहे, तेव्हा साहेबांना घेऊन या."

"अहो, काहीही घ्या म्हणतोय मी."

"काहीही मला येत नाही."

तेवढ्यात साहेब स्वतःच दारात येऊन उभे राहिले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. खोलीत आम्ही सहा-सात जण, सगळ्यांचे डोळे वहीत. साहेब शांतपणे म्हणाले, "मी सांगितलं तरी नाही?"

सर उभे राहिले. हात त्यांनी मागे धरले. "साहेब, मुलं समोर बसवून मी अंदाजाने बोलणार नाही. तुम्ही म्हणत असाल तर वर्गात जाऊन त्यांच्याजवळ बसतो, त्यांचा अभ्यास घेतो. शिकवतो असं मात्र म्हणणार नाही."

साहेब वळून निघून गेले. तिसऱ्या तासालाही आले नाहीत. त्या वर्षी सरांच्या गोपनीय अहवालात जे लिहिलं गेलं, ते पुढे मुख्याध्यापकपदाच्या वेळी बाहेर निघालं आणि जागा पाटील सरांना मिळाली. त्या दिवशी पेढे वाटताना पाटील सर सरांपाशी थबकले. सरांनी पेढा उचलला, अर्धा मोडून त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आता तुमच्या चुकाही पकडणारं कुणी नाही, पाटील. सांभाळा."

---

काना-मात्रेचं ते खूळ कुठून आलं, हे त्यांनी एकदा आठवीच्या वर्गात समजावून सांगितलं. मी तास निरीक्षणाला मागे बसले होते. त्यांनी फळ्यावर पांढऱ्या खडूने लिहिलं, कळ.

"आमची पोथी अशी असते. नुसती अक्षरं. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, पूर्णविरामसुद्धा नाही. वाचा."

"कळ, सर. पोटातली."

"केळं," असोद्याचा एक मुलगा म्हणाला.

"जळगावचा माणूस केळंच वाचणार. आणखी?"

काळ, काळी, कूळ, कोळी. सरांनी प्रत्येक शब्द पिवळ्या खडूने शेजारी लिहिला. मग म्हणाले, "अक्षरं बदलली नाहीत. बदललं ते वाचणाऱ्याच्या डोक्यात जे होतं ते. म्हणून वाचणाऱ्याने आधीच शिकून यायचं. आणि गंमत अशी, की पाठ झालं तरी पाठ म्हणायची परवानगी नाही. एकेका अक्षरावर नजर ठेवूनच वाचायचं."

मग त्यांनी सेनापतीची गोष्ट सांगितली. पोथीत तीन अक्षरं आहेत, झ, ख, र. मात्रा लावून वाचली तर झेखेर, म्हणजे आठवण. काना लावला तर झाखार, म्हणजे पुरुष. शत्रूची आठवणसुद्धा पुसून टाकीन, असं तिथे देव म्हणतो. एका सेनापतीला लहानपणी गुरुजींनी काना लावून शिकवलं. तो मोठा झाला, लढाईला गेला, फक्त पुरुष मारले आणि परत आला. राजाने विचारलं, हे असं का? तो म्हणाला, मला असंच शिकवलंय. आणि तलवार घेऊन तो गुरुजींच्या दारात जाऊन उभा राहिला.

असोद्याच्या मुलाने हात वर केला. "सर, पण मग चूक झाली ते बरंच झालं ना? बायापोरं वाचली."

सरांनी खडू खिशात ठेवला.

"वाचली ते बरं झालं," ते म्हणाले. "तो हुकूमच मला समजत नाही, अजून त्याच्याशी माझं भांडण आहे. पण ती माणसं गुरुजींच्या आळसाने वाचली, हे काही बरं नाही. आळसाने आज वाचतील, उद्या दुसऱ्या आळसाने मरतील. कुणाला वाचवायचं असेल तर ते नीट वाचून, समजून, ठरवून वाचवा. बस खाली. प्रश्न चांगला होता, माझी तयारी कमी पडली."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलाला बोलावून ते अर्धा तास त्याच्याशी बोलत बसले होते.

---

निवृत्तीनंतरही त्यांचा सराव चालूच राहिला. घरी त्यांच्या पत्नी सिमाताई समोर छापील पुस्तक घेऊन बसत. छापील पुस्तकात स्वरांच्या खुणा असतात. सर पोथीसारख्या कोऱ्या पानावरून वाचत आणि सिमाताई ओळीवरून बोट फिरवत. चूक झाली की बोट थांबायचं आणि टेबलावर टकटक व्हायची.

सिमाताई गेल्या. तेराचौदा दिवसांनी सर माझ्या घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "चौधरीबाई, मला एक बोट हवंय."

मला हिब्रू येत नाही. त्यांनी ते नऊ ओळींचं वाचन, अध्यायातल्या आठव्या ओळीपासून सोळाव्यापर्यंत, देवनागरीत लिहून दिलं, एकेक काना, एकेक मात्रा ठळक करून. "अर्थाची काळजी करू नका. तुमच्या याद्यांमध्ये मी आजवर खाडाखोड पाहिली नाही, म्हणून तुमच्याकडे आलो." मी दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जाऊ लागले.

अर्थ त्यांनी हळूहळू सांगितलाच. लढाई चालू आहे. मोशे टेकडीवर हात वर करून उभा आहे. हात वर असले की त्याची माणसं जिंकतात, खाली आले की हरतात. हात जड होतात. मग दोघे त्याला दगडावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवतात. "शिक्षकाचंही तेच," सर म्हणाले. "हात जड होतात. त्यात लाज नाही. धरणारा आधी बघून ठेवावा."

जानेवारीतल्या एका रविवारी ते चौदाव्या ओळीवर आले आणि म्हणाले, झाखार.

मी टकटक केली. ते थांबले, मग हसले. "सेनापती अंगात आला." परत म्हणाले, बरोबर म्हणाले.

पुढच्या रविवारी पुन्हा झाखार. त्याच्या पुढच्या रविवारी बरोबर. मग दोनदा चूक. जो शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना समजावून सांगितला, तोच हातून निसटायला लागला होता. डोळ्यांचा दोष नव्हता. पोथीत तिथे पाहण्यासारखं काही नसतंच, तो काना-मात्रा डोक्यातच असावा लागतो. हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

मी म्हटलं, "सर, ठाण्याच्या लोकांना वाचू द्या ना."

"त्यांचं तिथे होईलच वाचून. धुळ्यातलं धुळ्याच्या माणसाने वाचावं." मग म्हणाले, "तुम्ही तिथे या. चुकलो तर टकटक करा. दहा पुरुष काय म्हणतील, त्याची यादी करत बसू नका."

---

होळीच्या दिवशी जळगावहून पहिल्या बसने निघालो. एरंडोल गेलं. पारोळ्याला बस थांबली तेव्हा सर म्हणाले, "घ्या." मी कागद काढला. त्यांनी डोळे मिटून नऊ ओळी म्हटल्या. एकही चूक नाही. मी तसं सांगितलं तर ते म्हणाले, "पाठ म्हटलं. पाहून म्हणायचंय."

गल्लीच्या तोंडाशी होळीची लाकडं रचून ठेवली होती. त्यांचाही सण, पुरीम, होळीच्या आसपासच असतो, त्या वर्षी त्याच दिवशी होता. जुन्या बायका त्याला होळीचा सणच म्हणायच्या, रूबेनने मला जिन्यात सांगितलं. घरात पुरण शिजल्याचा वास होता.

पोथी पेटीतून निघाली. कातड्याची गुंडाळी, दोन लाकडी दांड्यांवर. टेबलावर उलगडली. सरांनी हातात चांदीची छोटी काठी घेतली, तिच्या टोकाला एक बोट पुढे केलेला इवलासा हात असतो. तिला म्हणतात यद, म्हणजे हातच.

तीन-तीन ओळींचे तीन भाग, प्रत्येकाला एकाने मानाने पोथीशेजारी उभं राहायचं, वाचायचं सरांनीच. पहिल्या भागाला नाशिकचे गृहस्थ पुढे आले. सरांचा आवाज कोरडा होता, पण चाल पक्की. दुसऱ्याला भुसावळचे थोरले. हात जड झाले, दगड आणला, दोघांनी हात धरले. माझं बोट कागदावर त्यांच्या बरोबर चाललं होतं. फ्लोरा माझ्याकडे बघत होती, बोटाकडे नाही.

तिसऱ्याला रूबेन आला. यद चौदाव्या ओळीवर सरकली.

"झाखार."

मी टकटक केली. स्टुलाच्या लाकडावर, वाटलं त्यापेक्षा मोठ्याने.

नऊ माणसं वळली. ठाण्याच्या एका तरुणाच्या कपाळावर आठी आली. सर वळले नाहीत. यद मागे घेतली, ओळीच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचलं. तो शब्द आला.

"झाखार."

टकटक.

खाली गल्लीत पोरं होळीला गोवऱ्या मागत फिरत होती, तेवढाच आवाज. रूबेन मामाच्या कानाशी वाकून म्हणाला, "मामा, वाचा पुढे. कुणाला कळतंय?"

"मला कळलं ना," सर म्हणाले. मग मान न वळवता, मराठीत, मला विचारलं, "बाई, काना की मात्रा?"

"मात्रा, सर. दोन्हींवर."

त्यांनी यद त्या तीन अक्षरांवर टेकवली. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना आम्हा सगळ्यांना त्यांचा श्वास ऐकू येत होता. "झे," ते म्हणाले. "खेर." आणि ओळ पुरी केली.

दोन ओळी उरल्या होत्या. सरांनी यद पुढे सरकवली. ओठ हलले. आवाज आला नाही. पुन्हा हलले. मी कागद घट्ट धरला होता, पण टकटक करायला त्यांनी काही चुकीचं म्हणायला तरी हवं होतं.

त्यांनी यद टेबलावर ठेवली.

"पुढच्या दोन ओळींना मी आज तयार नाही."

"मामा, पारोळ्यापर्यंत तर येत होत्या म्हणे."

"अंदाजाने वाचणार नाही, रूबेन." ते ठाण्याच्या तिघांतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांकडे वळले. "आपली तयारी आहे?"

त्या गृहस्थांना हो म्हणता आलं असतं. त्यांनी पोथीकडे पाहिलं, मग सरांकडे. "या भागाची आज नाही, सर. पोथीतून नाही."

शेवटी त्यांनी छापील पुस्तकातून दोन ओळी म्हटल्या, सगळे त्यांच्या मागोमाग म्हणाले. पोथीतल्या त्या दोन ओळी तशाच गुंडाळल्या गेल्या. पुरणपोळ्या झाल्या. दुपारी पोथी ठाण्याच्या गाडीत ठेवताना सरांनी पेटीच्या झाकणावर हात ठेवला आणि काढून घेतला. आशीर्वाद देतात तसा नव्हे. तास संपल्यावर फळा पुसून झाला की ते हात झटकत, तसा.

---

परतीच्या बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा घेतली. बोट गजावर डावीकडून उजवीकडे नाही, हिब्रू वाचतात तसं उजवीकडून डावीकडे फिरत होतं. दोन ओळी. एका जागी यायचं, थांबायचं, परत मागे जायचं.

"शेवटी काय आहे, सर?" मी विचारलं.

"मिदोर दोर. पिढ्यानपिढ्या." ते बाहेर बघत म्हणाले. "तेच राहिलं बघा. यादीत घ्या."

जळगावच्या स्टँडवर मी रिक्षा ठरवत होते तेव्हा वळून पाहिलं. सर फलाटाच्या खांबाला टेकून उभे होते, हात मागे, ओठ हलत होते. मी बोलावलं तर हाताने थांबा अशी खूण केली. ओळ चालू होती.

पावसाळ्यात ते गेले. त्यांचं दफन झालं तेव्हा नाना काठी टेकत आले होते आणि दूर उभे होते. "गानं बंद व्हयनं," एवढंच म्हणाले.

ठाण्यात शिकवणारे चांगले लोक आहेत, पण रूबेनला मामाची चाल हवी आहे, आणि ती माझ्या मोबाईलमध्ये, सरावाच्या रविवारी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये, आणि त्या देवनागरी कागदावर आहे. दर रविवारी सकाळी तो फोन करतो. चाळिशीचा माणूस, पोरासारखा घाबरत वाचतो. मला अजूनही अर्थ फारसा येत नाही. बोट येतं. नऊ ओळी पक्क्या झाल्या की पोथी होळीला एका दिवसासाठी धुळ्यात आणायची आणि दहा जण पुन्हा जमवायचे, असं ठरलं आहे. सहा जणांनी हो म्हटलंय, नाशिकचे कळवतो म्हणालेत.

गेल्या रविवारी रूबेन चौदाव्या ओळीवर आला, श्वास घेतला आणि काना लावला. मी टकटक केली. मिदोर दोर अजून दोन ओळी लांब आहे.